लोणार विवर : भूवैज्ञानिक स्थलदर्शन

लोणार विवर हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या तालुक्याच्या गावाला लागून असलेले, अशनीच्या आघातामुळे निर्माण झालेले विवर आहे. त्याचा काठापासून काठापर्यंतचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठ भोवतालच्या सपाट जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. काठावरून खाली पाण्यापर्यंतची खोली १३५ मीटरांच्या आसपास भरते. तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खारे व अल्कधर्मी सरोवर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या स्थळास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला असून विवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणूनही संरक्षित आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला.

दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये पडलेले आणि आजही सुस्थितीत असलेले आघात विवर म्हणून लोणारचे महत्त्व जगभर मानले जाते. भारतात मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ या रचनाही आघातजन्य असल्याचे सिद्ध झाले आहे. परंतु त्या फार प्राचीन व झिजलेल्या आहेत. काठावर उभे राहून एका दृष्टिक्षेपात संपूर्ण वाटी न्याहाळता येईल, असे विवर लोणारचेच.

नाव आणि जुने उल्लेख

लोणार हे नाव 'लवण' या शब्दाशी निगडित आहे. स्थानिक कथेनुसार येथे लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली राहत असे आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेशी संबंधित असून त्याची तारकाकृती मांडणी व बाह्यभिंतींवरील शिल्पकाम प्रसिद्ध आहे. भूमीतील पोकळी, खारट पाणी आणि आकाशातून आलेला प्रहार या तिन्ही गोष्टी कथेत गुंफलेल्या दिसतात. तेवढ्यावरून प्राचीनांना अशनीपाताचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काही लेखक काढतात. तो मात्र ओढूनताणून काढलेला आहे. माणसाने लोणार पाहिले ते खारट पाण्याचा खोल डोह म्हणून, आणि कथा त्या डोहाची आहे.

महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्र' या ग्रंथात लोणारचा उल्लेख येतो. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त या स्थळाची नोंद तेथे मिळणाऱ्या क्षारांमुळे झाली आहे; काच व साबण तयार करण्यास लागणारे द्रव्य येथे मिळते, असे तेथे सांगितले आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर साचणारे क्षार गोळा करण्याचा व्यवसाय त्यानंतरही दीर्घकाळ चालू होता. प्रतीनुसार या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली आणि तेव्हापासून युरोपीय अभ्यासकांचे लक्ष लोणारकडे वळले.

ज्वालामुखी की अशनी?

एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांना लोणार ज्वालामुखीचे मुख वाटले, यात नवल नाही. सभोवती शेकडो किलोमीटर ज्वालामुखीचाच खडक पसरलेला आहे. १८७९ मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी भारताच्या भूविज्ञानावरील आपल्या ग्रंथात हे विवर ज्वालामुखीच्या स्फोटाचे असल्याचे मत मांडले. या मतात एक अडचण मात्र होती. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लोणारचा काठ इतका जुना असता, तर ऊन, पाऊस व ओढ्यांनी तो केव्हाच झिजून सपाट झाला असता. शिवाय विवरातून बाहेर पडलेला नवा लाव्हा कोठेही आढळत नाही.

या वादाचा एक धागा अमेरिकेशी जुळलेला आहे. ॲरिझोना राज्यातील 'कून ब्यूट' या विवराचा अभ्यास करताना ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये लोणारशी त्याचे साम्य नोंदवले. त्या विवराच्या आसपास लोखंडी अशनीचे तुकडे विखुरलेले असूनही ते वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असा त्यांचा निर्णय होता. पुढे तेच विवर अशनीपाताचे ठरले. १९६० मध्ये तेथील खडकात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज सापडले आणि आघात विवरे ओळखण्याची खात्रीशीर रीत शास्त्रज्ञांच्या हाती आली. आता दृष्टी पुन्हा लोणारकडे वळली. १९६१ मध्ये नंदी व देव यांनी लोणारच्या उत्पत्तीवर व अल्कधर्मी पाण्यावर लेखन केले, तर १९६४ मध्ये लाफाँड आणि डिएट्झ यांनी हे अशनीविवर आहे काय, असा प्रश्न उघडपणे उपस्थित केला.

त्याचे उत्तर सरोवराच्या तळातून मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या सहकार्याने तळात छिद्रे पाडण्यात आली. वरचा सुमारे १०० मीटर जाडीचा गाळ भेदल्यावर त्याखाली चुरडलेल्या खडकाचा थर लागला. त्यातील बेसाल्टच्या तुकड्यांत मॅस्केलिनाइट आढळले. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि प्रश्नाचा निकाल लागला.

मॅस्केलिनाइट म्हणजे काय, हे थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे स्फटिक असतात. स्फटिकातील अणूंची रचना शिस्तबद्ध असते. सुमारे तीन लाख वातावरणांइतका दाब क्षणार्धात पडला, तर खनिज न वितळताच ही शिस्त मोडते. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो आणि आतील द्रव्य काचेसारखे होते. कोणत्याही ज्वालामुखीच्या स्फोटात इतका दाब निर्माण होत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हा एवढासा कण पूर्वीच्या सर्व तर्कांपेक्षा वजनदार ठरला. या पदार्थाची पहिली ओळखही भारतात पडलेल्या एका अशनीतून झाली. १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत तो आढळला होता. तो अशनी मंगळावरून आलेला बेसाल्टचा तुकडा असल्याचे आता मानले जाते. मंगळ व चंद्र यांच्या पृष्ठभागावर बेसाल्ट विपुल आहे. तेथील विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना पृथ्वीवर तुलनेसाठी लोणार उपयोगी पडते, त्याचे कारण हेच.

अशनीचा तुकडा कोठे आहे?

लोणार पाहावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर पुष्कळांना निराश करते. मोठा अशनी सेकंदाला १५ ते २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याची गतिज ऊर्जा उष्णतेत व दाबात बदलते आणि अशनीचा बहुतेक भाग वितळतो किंवा त्याची वाफ होते. लोणारच्या अशनीचा धडधाकट तुकडा सापडलेला नाही. त्याच्या अस्तित्वाची खूण उरली आहे ती खडक वितळून झालेल्या बारीक काचगोळ्यांत. अशा काही गोळ्यांत निकेल, कोबाल्ट व क्रोमियम या मूलद्रव्यांचे प्रमाण स्थानिक बेसाल्टपेक्षा अधिक आढळले आहे.

तुकड्याच्या शोधातून दोन गैरसमज रूढ झाले आहेत. पहिला होकायंत्राचा. काठावरील एखाद्या दगडाजवळ होकायंत्र नेले की सुई हलते आणि तो दगड उल्केचा असल्याचे सांगितले जाते. बेसाल्टमध्ये मुळातच लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे कण असतात. नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही खाणीतील काळ्या दगडाजवळही सुई कमीअधिक विचलित होऊ शकते. त्यावरून दगड आकाशातून आला असे ठरत नाही. गावाजवळील मोठा मारुती मंदिरातील निद्रिस्त मारुतीची मूर्ती उल्कापाषाणाची असल्याची लोकसमजूतही याच चुंबकत्वावर आधारलेली आहे. दुसरा गैरसमज गारगोट्यांचा. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे साचलेली पांढरी, चमकदार खनिजे संपूर्ण महाराष्ट्रात मिळतात आणि आघाताशी त्यांचा संबंध नाही. असे दगड 'आठवण' म्हणून खिशात घालून नेण्याची सवय मात्र हानिकारक आहे. संरक्षित स्थळावरून दगड उचलणे नियमबाह्य तर आहेच. शिवाय काठावरच्या सैल थरांतील कोणता तुकडा पुराव्याचा आहे, हे डोळ्यांना ओळखता येत नाही.

विवरात उतरताना

बहुतेक पर्यटक धार नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणापासून खाली उतरतात. येथे गोमुखातून गोड्या पाण्याची बारमाही धार पडते. वर गोडे पाणी आणि शंभरेक मीटर खाली खारट पाणी, हा विरोध येथेच प्रथम लक्षात येतो. उतरणीच्या वाटेवर घाई न करता विवराच्या भिंतीकडे पाहिल्यास लाव्हाचे एकावर एक बसलेले पाच-सहा थर ओळखता येतात. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचे पट्टे आहेत. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंतच्या काळात ती माती तयार झाली.

खरा पुरावा थरांच्या कलात आहे. दख्खनमधील लाव्हाचे थर सामान्यतः आडवे असतात. घाटात, नदीच्या पात्रात किंवा विहिरीच्या भिंतीत ते पायऱ्यांसारखे सरळ दिसतात. लोणारच्या काठावर मात्र ते विवराच्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेने कललेले आहेत. खालून आलेल्या धक्क्याने जमिनीच्या कडा फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे वर उचलल्या गेल्याची ही निशाणी आहे. काठाच्या माथ्यावर व बाहेर सुमारे दीड किलोमीटरपर्यंत आघाताने उडालेल्या राडारोड्याचे आच्छादन पसरले आहे. त्यात लहानमोठे अणकुचीदार दगड, चुरा व क्वचित काचेसारखे झालेले तुकडे एकत्र मिसळलेले आढळतात. काही ठिकाणी या आच्छादनाखाली आघातापूर्वीची मातीही शिल्लक आहे. लोणार गावाचा काही भाग आणि कित्येक शेते याच आच्छादनावर आहेत. त्यामुळे पाया खणताना, रस्ता रुंद करताना किंवा मुरूम काढताना भूवैज्ञानिक पुरावा नकळत नष्ट होतो. विवराची वाटी कुंपण घालून राखता येते. बाहेरच्या या पातळ थराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

खाली पाण्याभोवती झाडीचा पट्टा असून त्यात अनेक जुनी मंदिरे विखुरलेली आहेत. त्यांपैकी कमळजा देवीचे मंदिर पूजेत आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते. पाण्याची पातळी वर्षागणिक बदलत असल्याने सरोवराचा काठ कधी मंदिरापासून दूर असतो, तर कधी अगदी जवळ येतो. इतर मंदिरांची पडझड झाली आहे. ती याच काळ्या पाषाणात बांधलेली असून त्यांच्या बांधणीला सामान्यतः हेमाडपंती म्हटले जाते. झाडीत मोर विपुल आहेत. संपूर्ण काठाचा फेरा सुमारे सहा किलोमीटरांचा होतो. उन्हाळ्यात तो दुपारी करण्याचे टाळावे.

विवराच्या उत्तरेस अंबर तळे नावाचा लहान जलाशय आहे. त्याला 'छोटे लोणार' असेही म्हणतात आणि मूळ अशनीच्या तुटलेल्या तुकड्याने ते झाले, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. नंतरच्या पाहण्यांत तेथे आघाताचा पुरावा मिळालेला नाही.

विवराचे वय

जुन्या पाठ्यपुस्तकांत व माहितीफलकांवर लोणारचे वय ५०,००० वर्षे असे दिलेले असते. ही संख्या आघाताने वितळलेल्या काचेच्या तप्तदीप्ती मापनावरून आली. त्या मापनाने ५२,००० वर्षे (६,००० वर्षे कमीअधिक) हे उत्तर दिले होते. पुढे आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने केलेल्या मापनात ५,७०,००० वर्षे (४७,००० वर्षे कमीअधिक) असे वय निघाले. दोन उत्तरांत दहापटींहून अधिक अंतर आहे. तप्तदीप्ती पद्धतीत काचेत साठलेली ऊर्जा मोजली जाते आणि दीर्घ काळात ती अंशतः निसटू शकते. त्यामुळे वय कमी भरण्याची शक्यता असते. म्हणून अलीकडील लेखनात दुसऱ्या आकड्याला अधिक मान दिला जातो. विद्यार्थ्यांनी एकच संख्या पाठ करण्याऐवजी तिच्यासोबत मापनाची पद्धत लिहावी, हे उत्तम.

पाण्याचा प्रश्न

सरोवरात झरे व पावसाचे ओहोळ येतात, पण त्यातून बाहेर जाणारा प्रवाह नाही. पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होते आणि क्षार मागे राहतात. सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व क्लोराइड यांच्या संचयामुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास नोंदवला गेला आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८ असतो. एवढ्या तीव्र पाण्यात सामान्य जलचर टिकत नाहीत. स्पिरुलिनासारखी नीलहरित सूक्ष्मजीवसृष्टी मात्र फोफावते आणि पाण्याला हिरवी झाक देते.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकरणात लक्ष घातले आणि नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासातून खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे समोर आले. पाणी आटून क्षारता वाढली, तेव्हा त्यांची संख्या वाढली व त्यांच्यातील रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसले. पावसाचे पाणी मिसळल्यावर रंग ओसरला. त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे पर्यटक नसल्याने हा बदल झाला, असा समज पसरला होता. टाळेबंदीचा त्यात किती वाटा होता हे सांगणे कठीण असले, तरी रंगाचे थेट कारण वर सांगितलेले सूक्ष्मजीवच होत.

गुलाबी रंगाची वार्ता देशभर झाली. त्यापेक्षा गंभीर बदल मात्र संथ आहे. वस्तीतील सांडपाणी व शेतातील खते ओहोळांवाटे सरोवरात पोहोचली, तर क्षारांचे प्रमाण घटते, सामू खाली येतो आणि या पाण्यापुरतीच मर्यादित असलेली सूक्ष्मजीवसृष्टी धोक्यात येते. गोडे पाणी वाढणे ही इतर तलावांसाठी आनंदाची गोष्ट असेल. लोणारसाठी ती तशी नाही. काठावरील उतारांवर पसरलेली वेडी बाभूळ हाही वनविभागापुढील जुना प्रश्न आहे.

संग्रहालये

आघात विवराचा पुरावा सूक्ष्मदर्शकात दिसणारा असल्याने असे स्थळ समजून घेण्यासाठी संग्रहालयाची जोड महत्त्वाची ठरते. ॲरिझोनातील विवराच्या काठावरच संग्रहालय असून तेथे ६३९ किलोग्रॅम वजनाचा लोखंडी अशनी मांडलेला आहे; पर्यटक त्याला हात लावून पाहू शकतात. जर्मनीतील नॉर्डलिंगन हे गाव सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या रीस विवरात वसलेले आहे. तेथे १९९० मध्ये एका जुन्या कोठारात विवर संग्रहालय सुरू झाले. रीसचा अशनीही उरलेला नाही. तरीही चुरडलेले व वितळलेले स्थानिक खडक क्रमाने मांडून आणि शेजारी चंद्रावरून आणलेला खडक ठेवून तेथे सारी घटना समजावली जाते. गावातील चर्चही आघाताने घडलेल्या दगडाचेच आहे. लोणारची परिस्थिती ॲरिझोनापेक्षा रीसच्या जवळची आहे, म्हणून आदर्श घ्यावयाचा तर रीसचा घ्यावा लागेल.

भारतात अशनींचा सर्वांत महत्त्वाचा संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे कोलकाता येथे आहे. महाराष्ट्रातही अशनी पडल्याच्या नोंदी आहेत. खानदेशातील माणेगाव येथे १८४३ मध्ये, तर नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी अशनी पडले. काटोलचे तुकडे लहान होते आणि त्यांनी विवर निर्माण केले नाही. लहान अशनी वातावरणात वेग गमावून दगडासारखा खाली पडतो आणि टिकतो. प्रचंड अशनी वेगासह आदळतो आणि नाहीसा होतो. काटोल व लोणार ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की 'तुकडा कोठे आहे' या प्रश्नाची उकल वर्गातही करता येते.

मराठवाड्यातून लोणार

लोणार तालुका विदर्भात असला, तरी तो जालना जिल्ह्याला लागून असल्याने मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली येथे नेणे सोयीचे आहे. नांदेडहून हिंगोली किंवा जिंतूर-मंठा मार्गे, तर लातूरहून परभणी, जिंतूर, मंठा असे जाता येते. रेल्वेने येणाऱ्यांना नांदेड-मनमाड मार्गावरील परतूर किंवा जालना येथे उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. परतीच्या वाटेवर जालन्याकडे जाताना सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान लागते.

नांदेडच्या विद्यार्थ्यांना सहलीपूर्वी एक तुलना आपल्याच जिल्ह्यात करता येते. जिल्ह्याच्या पश्चिम भागात काळा बेसाल्ट आहे, तर पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे जाताना बेसाल्टचे आच्छादन संपून त्याखालचा कित्येक पटींनी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. अशनी ग्रॅनाइटवर आदळला असता, तर क्वार्ट्झ या खनिजात आघाताच्या रेषा शोधाव्या लागल्या असत्या. ॲरिझोनातील कोएसाइटही क्वार्ट्झपासूनच झालेले आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, म्हणून लोणारला मॅस्केलिनाइटचा आधार घ्यावा लागला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा भेटीस योग्य काळ आहे. पावसाळ्यात झाडी दाट होऊन भिंतीतील थर झाकले जातात आणि उतरणीची वाट निसरडी होते. थर पाहण्यासाठी सकाळचा वेळ चांगला. उन्हे चढू लागली की पश्चिमेकडील भिंत उजळते आणि बाहेरच्या बाजूला झुकलेले थर समोरच्या काठावरून साध्या डोळ्यांनीही ओळखता येतात.